चावी की सुई

५ फेब्रुवारी, गुरुवार

एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांना प्रश्न घातले. आज हाडांच्या डॉक्टरांनी मला असा एक घातला, की उत्तरपत्रिका कोरी ठेवून उठलो.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जो सांधा असतो, तो माझ्या संधिवाताने खाऊन संपवला आहे. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाले, "आता इथे सांधा असा राहिलेलाच नाही. नुसती दुखण्याची जागा राहिलीय." उपाय एकच. दोन्ही हाडं एकमेकांना कायमची जोडून टाकायची. दुखणं थांबेल, मात्र अंगठा ज्या कोनात जोडला, त्याच कोनात जन्मभर राहील.

"कुठल्या कोनात?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं."

मग त्यांनी स्वतःच्या हातावर दाखवलं. अंगठा तर्जनीच्या कुशीला टेकवला, जशी आपण चावी धरतो. "ही चावीची पकड. जोर भरपूर. कुलूप, नळ, भांडी, सगळं." मग अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला लावलं. "आणि ही सुईची. नाजूक काम सुंदर होईल. जोर जवळपास शून्य."

"दोन्ही नाही होणार?"

"दोन्ही देवाने दिलं होतं," डॉक्टर म्हणाले, "मी हाडांचा डॉक्टर आहे."

तीन साचे करून मिळणार आहेत, प्लास्टिकचे. चावीचा, सुईचा आणि या दोहोंच्या मधला. एकेक साचा आठ-आठ दिवस हातावर चढवून जगायचं आणि पाच मार्चला उत्तर सांगायचं. ही शेजारी बसली होती. हिने डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नाही. नकाशाखात्यात आहे, मोजल्याखेरीज बोलत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

ही वही मीच बांधली आहे. पाठीची शिवण किंचित तिरकी गेली आहे, तथापि उघडल्यावर सपाट बसते, आणि वहीकडून तेवढीच अपेक्षा असते.

दुखणं चौतिसाव्या वर्षी आलं. त्यानंतर दहा वर्षं महाविद्यालयात संस्कृत शिकवलं. पुढे जिने आणि खडू या दोघांनी संगनमत केलं. आता घरी बसून पत्रद्वारा शिकवतो. टपालाने वह्या येतात, मी लाल शाईने त्यांचं वाटोळं करून परत पाठवतो. उरलेला वेळ हस्तकलांचा. दोन सुयांवर विणतो. एक सुई काखेत दाबून, कारण डावी बोटंही आता वाऱ्याने कललेल्या झाडांसारखी एका बाजूला गेली आहेत. क्रोशाच्या सुईला चिंध्या गुंडाळून तिची काकडीएवढी मूठ केली आहे. वेताच्या परड्या करतो, गोफ विणतो, वह्या बांधतो. भरतकाम एक वर्ष केलं आणि सन्मानाने सोडलं.

लोकांना वाटतं, दुखणं विसरायला करतो. दुखणं विसरायला गोळी आहे. मी हे करतो कारण मला मजा येते. पण हे सांगितलं की माणसं इतकी निराश होतात की पुढे बोलवत नाही.

लेस सगळ्यांत शेवटी, चार वर्षांपूर्वी आली आणि घरजावयासारखी पसरून बसली. भुशाने गच्च भरलेली गोल उशी, तिच्यावर भोकं पाडलेला पुठ्ठा, भोकांत टाचण्या, टाचण्यांभोवती फिरणारे धागे आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक लाकडी काडी. सध्या माझ्या उशीवर अशा चोवीस जोड्या लोंबताहेत. बघणाऱ्याला भोवळ येते. प्रत्यक्षात हालचाली दोनच: मधल्या काड्यांची अदलाबदल आणि जोडीला पीळ. जोर लागत नाही. धागा काडीच्या वजनाने ताणलेला राहतो आणि जिथे धरून ठेवायला दुसरा हात हवा, तिथे टाचणी उभी असते. फक्त टाचणी तेवढी नेमक्या भोकात, सरळ गेली पाहिजे. तिरकी गेली की पुढची सगळी वीण रुसते.

विणतोय ती उघडलेल्या पंख्यांच्या नक्षीची किनार आहे. हातभर झाली. कशासाठी, असं सगळे विचारतात. अजून कोणाला पटेल असं उत्तर सापडलेलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

साचे करणाऱ्या बाई हुशार आहेत आणि त्यांना ते ठाऊक आहे. गरम पाण्यात मऊ केलेला प्लास्टिकचा पांढरा पत्रा त्यांनी माझ्या हातावर असा थापला, जणू मी त्यांचा हात उसना घेतला होता आणि आता परत करत होतो. "आठ दिवस काढायचा नाही, सर. आंघोळीलासुद्धा नाही. वरून पिशवी बांधा."

"आणि खाज आली तर?"

"खाज येऊ द्यायची नाही."

हा पहिला, चावीचा. घरी आल्यावर दाराचं कुलूप मी उघडलं. तीन वर्षांनी. ही मागे उभी होती, म्हणाली, "परत उघड." मी परत उघडलं. "आता लाव." मदाऱ्याच्या माकडासारखं मी चार वेळा उघडलं-लावलं. एवढा आनंद हिला माझ्या पीएच.डी.चाही झाला नव्हता.

संध्याकाळी उशी घेऊन बसलो. या कोनात अंगठा स्वतःच भोकाच्या डोक्यावर येऊन बसतो, म्हणजे जिथे टाचायचं तेच दिसत नाही. वीस मिनिटांत तीन टाचण्या. तिन्ही तिरक्या. एक बोटात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मंडळ. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण दर गुरुवारी जमून आपापलं काम करतो आणि एकमेकांच्या कामाला नावं ठेवतो. माझ्या शेजारी घड्याळजी असतात. चौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान, डोळ्याला भिंग, आणि फावल्या वेळात होडीच्या आकाराच्या धोटीने गाठींची झालर विणतात. लग्नं केली नाहीत, धोट्या पुष्कळ केल्या.

साचा बघून प्रत्येकाला अंगठ्याची ती जुनी, गुरुदक्षिणेची गोष्ट सांगायची होती. मी म्हटलं, "ती मीच एकोणीस वर्षं शिकवलीय. पुढे चला."

घड्याळजींनी साचा उलटसुलट करून पाहिला. "चावी घ्या, पंडित. रोजचं आयुष्य चावीचं असतं."

"तुम्ही काय घेतली असतीत?"

त्यांनी धोटीने एक गाठ ओढून घट्ट केली. मग म्हणाले, "माझं सोडा. मी एकटा माणूस."

याचा अर्थ काय ते कळलं नाही. एकट्या माणसाला तर चावी जास्त हवी.

१५ फेब्रुवारी, रविवार

हिला रविवारीही कचेरीतून फोन येतात. गच्चीत जाऊन बोलते. डोंगराकडच्या विभागाचे असतात म्हणे. डोंगर कुठे पळून चालले आहेत ते समजत नाही.

फोन झाला की स्वयंपाकघरात बोलावते. "पंडित, गॅसचं बटण फिरवून दाखव. आता बरणी. आता गोळ्यांचं पाकीट." गोळी काही निघाली नाही, बाकी सगळं जमलं. मी म्हटलं, "अगं, तोंडी परीक्षा आहे की प्रात्यक्षिक?" तर म्हणाली, "दोन्ही."

आणखी एक. वीस वर्षं मी विणलेलं काहीही अंगाला न लावणाऱ्या या बाईने आज माझ्याकडे लोकरीचे मोजे मागितले. जाड हवेत, गुडघ्यापर्यंत. इथल्या हवेत? म्हणाली, पाय गार पडतात. वय, दुसरं काय. काळजी वाटली, दुहेरी लोकर घेणार आहे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सुईचा साचा.

तासाभरात चाळीस टाचण्या!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजचं सांगायचं तर काही नाही. सकाळी विणलं, दुपारी विणलं, मध्ये अकरा वह्या तपासल्या आणि कोणालाही नापास केलं नाही. टाचणी भोकात अशी जाते, जणू ती तिथूनच आली होती. दोन पंखे पूर्ण. धाग्याचा ताण बोटांच्या टोकाला कळतो, हे मी विसरलो होतो. विसरलो होतो हेही विसरलो होतो.

प्रश्न सुटला. पाच मार्चची वाट पाहायचं कारण नाही, पण साचेवाल्या बाईंना आवडणार नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज गंमत झाली. टपालात वह्या टाकायला खाली गेलो, परत आलो तर दार लागलेलं. चावी खिशात होती. या साच्यात अंगठा नुसता चावीकडे बघतो. डाव्या हाताने करून पाहिलं. चावी अर्धी फिरते आणि मनगट पूर्ण. शेजारच्या आजींकडेही कुलूप. ही पाच वाजता येणार होती.

सुदैवाने झोळीत क्रोशाचं काम होतं. जिन्यावर छान उजेड येतो हे मला माहीत नव्हतं. पावणेदोन तासांत चौकोनाच्या सात ओळी झाल्या. ही आली तेव्हा मी अगदी मजेत होतो. म्हटलं, "या, बसा. आमच्या घरी कोणी दार उघडत नाही."

ही हसली नाही. माझ्या शेजारी पायरीवर बसली, पर्स मांडीवर. म्हटलं, "काय झालं? कचेरीत काही?"

"काही नाही."

"डोळे का लाल?"

"धूळ," म्हणाली. मग उठून दार उघडलं, आणि आत जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा. ती फार थकते हल्ली. या खात्याने माणसांना पिळून काढायचं ठरवलंय.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

कालपासून मधला साचा. मध्यममार्ग महापुरुषांनाच लाभत असावा. याने चावी अर्धी फिरते, टाचणी अर्धी जाते आणि मी पूर्ण चिडतो.

मोजे झाले. हिने घालून पाहिले, घडी करून ठेवले आणि म्हणाली, "बहुतेक लागणार नाहीत रे. पण सुंदर झालेत." बायकांचे पाय चार दिवसांत गरम होतात, हे वैद्यकाला कळवायला हवं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

लाल शाई संपली म्हणून हिच्या टेबलाचा खण उघडला. वर एक तक्ता होता, नकाशाच्या कागदावर, हिच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. उभे तीन रकाने: चावी, सुई, मधला. आडव्या बारा ओळी. कुलूप, दाराची मूठ, नळ, गॅस, बरणी, चहाचं भांडं, कात्री, गोळ्या, बटणं, फोन, पंख्याची दोरी, नखं. प्रत्येकापुढे खूण किंवा फुली. चावीला दहा खुणा. सुईला तीन. मधल्याला सहा, त्यांतल्या दोन पेन्सिलीने, म्हणजे दया म्हणून दिलेल्या.

आधी ऊर भरून आला. मी माझ्या कलांची परीक्षा घेत होतो, तेव्हा ही मागून माझ्या हिताचं शास्त्रशुद्ध मोजमाप करत होती.

मग खालची ओळ वाचली. "सुई: एकटा राहू शकणार नाही." त्याच्याखाली "११ महिने", आणि त्यावर एक रेघ. मोजपट्टी लावून मारलेली, सरळ.

अकरा महिने कशाचे?

लाल शाई सापडली नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी चहाच्या वेळी तक्ता समोर ठेवला. विचारलं, "अकरा महिने कशाचे?"

हिने कप खाली ठेवला. "खण कशाला उघडलास?"

"शाई हवी होती."

"डोंगरातल्या मोजणीचं काम आहे. तुकडीची प्रमुख म्हणून. मे ते मार्च." हिने तक्ता आपल्याकडे ओढला. "दहा मार्चपर्यंत कळवायचंय."

सव्वीस वर्षं ही दुसऱ्यांनी डोंगरावर जाऊन मोजलेल्या आकड्यांचे नकाशे काढते आहे. लग्नाआधी मला म्हणाली होती की तिला एकदा तरी स्वतः मोजायचंय. मी तेव्हा नक्की काहीतरी समर्पक उद्गार काढले असतील.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"चावी म्हटलं असतं. ताबडतोब."

"म्हणूनच." कपाच्या कानाशी चाळा करत राहिली. "माझ्या अकरा महिन्यांसाठी तुझा जन्माचा अंगठा मागू होय? मला फक्त बघायचं होतं की सुईनेही जमतंय का. जमत नाहीये. त्या दिवशी जिन्यावर बघितलं ना."

"मी मजेत होतो जिन्यावर."

"माहितीय," ही म्हणाली, "तेच तर."

१ मार्च, रविवार

रात्रभर विचार करून मी थोर झालो. सकाळी जाहीर केलं, "चावी. माझा निर्णय झाला. तू जा."

मला वाटलं, हिला भरून येईल. ही म्हणाली, "तोंड बघ आरशात. हुतात्म्याच्या पुतळ्यासारखं झालंय. अकरा महिने तो पुतळा पत्रं लिहिणार मला?"

"मग तू जे करते आहेस ते काय आहे? तुझा पुतळा कुठल्या चौकात उभा करायचाय?"

मग आम्ही रीतसर भांडलो. बऱ्याच वर्षांनी. शेजारच्या आजींनी रेडिओ बंद केला, म्हणजे चांगलं ऐकू यावं म्हणून. शेवटी ही म्हणाली की नकाराच्या पत्राचा मसुदा तयार आहे, उद्या पाठवणार. मी म्हटलं, "दाखव."

"कशाला?"

"पत्रं तपासणं हा माझा व्यवसाय आहे."

तिने दिलं. भाषा निर्दोष. मी पेन मागितलं, पानाच्या कडेला उभी रेघ मारली आणि खाली लिहिलं: "आशय चुकीचा. पुन्हा लिहावे." शून्य गुण.

हिने ते बघितलं, आणि मग ती हसायला लागली, ती काही केल्या थांबेना. मीही. भांडण संपलं, प्रश्न जिथे होता तिथेच.

२ मार्च, सोमवार

दुपारी वह्या बाजूला ठेवून हिचा तक्ता घेऊन बसलो. परीक्षकाच्या नजरेने. सगळा वर्ग एकाच ठिकाणी चुकतो तेव्हा चूक प्रश्नपत्रिकेत असते, हे अनुभवाने सांगतो. सुईच्या रकान्यात नऊ फुल्या. त्या नऊ ओळी पुन्हा वाचल्या. कुलूप, मूठ, नळ, गॅस. ही परीक्षा माझ्या हाताची नव्हे. ही त्या वस्तूंची आहे. गोल मूठ माझ्या हाताला चालत नाही, याचं कारण ती गोल आहे.

हात एकदाच जोडता येतो. मूठ कितीही वेळा बदलता येते.

इतकी वर्षं क्रोशाच्या सुईला चिंध्या गुंडाळणाऱ्या माणसाला हे नळाच्या बाबतीत सुचू नये! कलेच्या वस्तूंना मी माझ्या मापाने कापलं, आणि घराच्या वस्तूंपुढे मात्र पाहुण्यासारखा संकोचून बसलो.

ही आल्यावर सांगितलं. ऐकून घेतलं. "नळाला लांब दांडी," म्हणाली, आणि तक्त्याला चौथा रकाना आखला. मोजपट्टी लावून.

४ मार्च, बुधवार

दोन दिवस घरात ठोकाठोक. नळवाला दोन्ही नळांना दवाखान्यात असतात तशा लांब दांड्या बसवून गेला. आता कोपराने पाणी सोडता येतं. सुताराने दाराची गोल मूठ काढून खाली दाबायचं हँडल लावलं. "वयामुळे का?" त्याने विचारलं. म्हटलं, "कलेमुळे." त्याने पुढे विचारलं नाही.

बाकीचं माझं. पंख्याच्या दोरीला गोफाचा जाड फास, मनगट घालून ओढायचा. बरण्यांना वेताची कुंची, म्हणजे काखेत धरली तरी निसटत नाही. चहाच्या भांड्याला निवृत्त केलं. त्या जागी दोन कानांचं आलं, कानांना दोरीची वीण. कात्री स्प्रिंगची, नुसती दाबायची. गॅसच्या बटणांवर बसतील असे लाकडी आडवे दांडे, आणि चावी घड्याळजींकडे दिली आहे. ते म्हणाले, पितळेची बोटभर लांब पट्टी आडवी जोडतो, मुठीने फिरवा, वेळ लागला तर क्षमा, आधी एका आजोबांचं घड्याळ आहे.

नऊ फुल्यांपैकी आठ गेल्या. नखं उरली. नखं कापायचं यंत्र मला सुईच्या साच्यात दाबवत नाही, आणि डाव्या हाताला कधीच दाबवत नव्हतं. आजवर ही कापते. हिने पेन्सिल टेकवली. "याचं काय?"

"होईल काहीतरी."

एवढं सगळं झाल्यावर, प्रामाणिकपणे लिहायचं तर, भीती वाटते. कोणीही न मागितलेल्या एका किनारीसाठी मी आयुष्यातला जोर देऊन टाकतो आहे. एखाद्या दिवशी डावा हात पूर्ण गेला तर हे सगळे दांडे, फास, कुंच्या शोभेच्या वस्तू होतील. आणि ही नसताना घर कसं ऐकू येतं, ते मला माहीत नाही. हे हिला सांगितलेलं नाही. मसुदा परत लिहून झालाय तिचा. या वेळी तपासायला दिला नाही.

५ मार्च, गुरुवार

"सुई," मी म्हटलं.

"नीट विचार केलात ना?" डॉक्टर म्हणाले. "मग परत येऊन 'कुलूप उघडत नाही' म्हणायचं नाही."

"कुलपाचं ऑपरेशन आधीच झालंय."

त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "खरं आहे. मी मोजलंय."

१९ मार्च, गुरुवार

डाव्या हाताने. अक्षर पहिलीतलं. ऑपरेशन झालं. दुखतं. ही वाचून दाखवते, मी लोळतो. बरं चाललंय.

२७ एप्रिल, सोमवार

प्लास्टर निघालं. आतून निघालेला हात माझ्या ओळखीचा नव्हता. बारीक, फिकट, भाड्याने दिलेली खोली भाडेकरू गेल्यावर दिसते तसा. पण अंगठा तर्जनीसमोर उभा आहे आणि हलत नाही, आणि, हे लिहिताना मला थांबावं लागलं, दुखत नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी तो भाग वेदनेशिवाय पाहतो आहे.

उशीवरचं फडकं काढलं. धूळ नव्हती, हिने झटकलं असणार. एक टाचणी लावली. सरळ गेली.

३ मे, रविवार

आज ही गेली. खात्याची गाडी खाली उभी होती. हिची बॅग माझ्या वेताच्या कोणत्याही परडीपेक्षा व्यवस्थित भरलेली.

"कंटाळलास तर काय करशील?"

"नकाशात तू कुठे आहेस ते बघीन."

"ती जागा अजून नकाशात नाही," ही म्हणाली. "तेच करायला चाललेय."

जिन्यात दोन पायऱ्या उतरून परत वर आली. "दार लाव. मला बघू दे."

मी दार लावलं. आतून, मुठीने, पितळेची पट्टी धरून कुलूप फिरवलं. मग बाहेरून काहीच आवाज आला नाही, मग पावलं. मी तिथेच थोडा वेळ उभा होतो. घर कसं ऐकू येतं ते आता माहीत आहे. पंखा एका फेरीत एकदा कुरकुरतो.

९ मे, शनिवार

धागा अडकतोय. नखं वाढली आहेत, आणि लेसच्या धाग्याला नखाची एक कड पुरते; काल एक पंखा तीनदा उसवला. कानस टेबलाला ठोकून तिच्यावर घासून पाहिली. त्याने सुतारकाम झालं, नखं झाली नाहीत. उलट कडा करवतीसारख्या झाल्या.

फोनवर हिने विचारलं, "शेवटच्या ओळीचं काय?" म्हटलं, "चाललंय." तिथे वारा फार होता म्हणून पुढचं ऐकू आलं नाही, असं मी सांगितलं.

शेजारच्या आजींना सांगता येईल. त्यांना दिसत नाही. साचेवाल्या बाईंना सांगता येईल. त्या ओरडतील. मुद्दा हा नाही. मुद्दा असा की नळ बदलताना कोणाला काही मागावं लागलं नव्हतं.

१२ मे, मंगळवार

घड्याळजींच्या दुकानापर्यंत शनिवारी गेलो, आणि मनगटी घड्याळात सेल टाकून घेतला. त्याची गरज नव्हती. सोमवारी गेलो आणि चावीची पट्टी छान झाली म्हणून सांगितलं. आज गेलो तेव्हा गिऱ्हाईक होतं. एक बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसल्या होत्या. मी त्या जाण्याची वाट पाहिली. त्या जाईनात.

शेवटी हात काउंटरवर ठेवले. दोन्ही. म्हटलं, "घड्याळजी, नखं कापून द्याल का?"

त्यांनी भिंग लावलेल्या डोळ्याने आधी माझ्याकडे, मग बोटांकडे पाहिलं. "तीन दिवस हेच होतं होय? मला वाटलं, उधार हवंय." बाईंना म्हणाले, "ताई, पाच मिनिटं. आधी यांचं."

"होऊ द्या," बाई म्हणाल्या. "मला काय, माझं तर बंदच आहे."

दिवा खाली ओढला. माझी वाकडी करंगळी त्यांनी अशी धरली, जशी ते घड्याळाची केसाएवढी कमान धरतात. "किती आखूड?"

"धागा अडकणार नाही इतकी."

"ते मला सांगायला हवं का? मीही विणतोच की." एक एक करून दहा झाली. मग बारीक कानस घेतली आणि प्रत्येक कड स्वतःच्या झालरीच्या धाग्यावरून फिरवून पाहिली. डाव्या मधल्या बोटाशी धागा अडला. त्यांनी ते परत घासलं. बाई पुढे वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "केवढं निगुतीने करता हो."

"दर पंधरा दिवसांनी या," घड्याळजी म्हणाले. "मंगळवारी. मंगळवारी गर्दी नसते." मग भिंग काढून रुमालाने पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागे तुम्ही विचारलं होतंत, मी काय घेतली असती. सुईच. पण माझी कोण कापणार, म्हणून चावी म्हणत होतो."

मी म्हटलं, "मला यंत्र दाबवत नाही. पण कानस चालवता येते."

"बसा मग," ते म्हणाले, आणि त्यांनी आपला हात दिव्याखाली ठेवला.